मेगापिक्सेल दुप्पट म्हणून फोटो दुप्पट स्पष्ट?
कासच्या फुलांचा हंगाम जवळ आला की साताऱ्यात एक मेसेज हमखास फिरतो: ‘नवा मिररलेस कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा आहे, जुन्या २४ पेक्षा जवळपास दुप्पट स्पष्ट फोटो येतात.’

आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा. मेगापिक्सेल म्हणजे लांबीतले पिक्सेल (फोटोचे बारीक ठिपके) गुणिले रुंदीतले पिक्सेल, दहा लाखांत मोजलेले. २४ चा फोटो ६००० × ४०००, ४५ चा साधारण ८२०० × ५५००. प्रत्येक बाजूला वाढ फक्त ३७ टक्क्यांच्या आसपास. लग्नाच्या अल्बमच्या १२ बाय १८ इंची पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. २४ मध्ये ते आरामात भागतं.

मग फोटो धूसर का येतो? जुना फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के झूमवर (फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर) बघा. कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसल्या तर हात किंवा फूल हललंय. मागचं गवत स्पष्ट आणि फूल धूसर असेल तर फोकस चुकलाय. १०० टक्क्यांवर या चुका ४५ मध्ये उलट जास्तच दिसतात. कासच्या वाऱ्यात सीतेची आसवं ही इवली फुलं टिपताना शटर १/५०० सेकंद ठेवून बघा. पैसे घालायचेच तर आधी मॅक्रो लेन्समध्ये (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी लेन्स) घाला.

मायणीच्या तलावावरचे दूरचे पक्षी क्रॉप करणाऱ्यांना (फोटोचा तेवढाच भाग कापून घेणाऱ्यांना) मात्र जादा पिक्सेल खरोखर उपयोगी पडतात.