केमोच्या दिवशी आवडीचा डबा नको

कॅन्सरवरच्या केमोला निघालेल्या माणसाच्या डब्यात त्याच्या सर्वांत आवडीचा पदार्थ देऊ नये. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. दुपारपर्यंत सलाइन चालणार, मग चार दिवस धड घास जाणार नाही, म्हणून घरची मंडळी सकाळीच खमंग थालीपीठ समोर ठेवतात. माया खरी, वेळ चुकीची. तिसऱ्या-चौथ्या सायकलपर्यंत, म्हणजे केमोच्या फेरीपर्यंत, त्या माणसाला थालीपिठाचा वासही सोसेनासा होतो आणि सगळे म्हणतात, "अन्नावरची वासनाच उडाली." पण ती सगळ्याच अन्नावरची उडते असं नाही. बऱ्याचदा औषध चढायच्या आधी जे पोटात गेलं, त्याच्यावरची उडते.

या गोष्टीचा माग उंदरांपर्यंत जातो. १९५५ साली अमेरिकेत जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरीनचं गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी आजारी पाडणारा गॅमा किरणांचा मारा केला. एरवी गोडावर तुटून पडणारे हे प्राणी नंतर त्या पाण्याला तोंड लावेनात. शाळेत आपण पाव्हलॉव्हचा कुत्रा शिकतो: आधी इशारा, लगेच खाणं, असं पुन्हा पुन्हा केलं की नुसत्या इशाऱ्यावर लाळ सुटते. गार्सियांच्या प्रयोगांनी यातले दोन नियम मोडले. शिकायला एकच वेळ पुरली, आणि चव व मळमळ यांच्यात तासांचं अंतर पडलं तरी शरीराने दोन्हींची गाठ मारली. १९६६ साली त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. उंदीर गोड पाणी पिताना दिवा लागे, आवाज होई. मग काहींना आजारी पाडलं, काहींना विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी चव टाळली, दिव्याचं त्यांना काही वाटलं नाही. झटका बसलेले दिव्याला आणि आवाजाला बिचकले, पण गोड पाणी खुशाल पीत राहिले. पोट बिघडलं की संशय आधी खाण्यावर, ही सोय शरीरात मुळातच असते. तेव्हाच्या जाणकारांना हे इतकं पचेना की गार्सियांचे निबंध नामांकित नियतकालिकांनी परत पाठवले.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण तिथे फुंकर तो स्वतः घालतो. इथे शरीर त्याला न विचारताच पेला दूर सारतं. सिएटलच्या इलीन बर्नस्टाईन यांनी १९७८ साली हे कॅन्सरच्या लहान रुग्णांमध्ये तपासलं. केमोच्या आधी मुलांना अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी ते नाकारलं. मळमळ औषधाची आहे, आइस्क्रीमची नाही, हे डोक्याला कळलं तरी जिभेला पटत नाही.

मग १९८७ साली बर्नस्टाईन आणि त्यांच्या सहकारी ब्रोबर्ग यांनी याच खोडीचा उपयोग करून घेतला. जेवण आणि केमो यांच्या मधल्या वेळात मुलांना वेगळ्याच, ठसठशीत चवीच्या गोळ्या चघळायला दिल्या. मळमळीचं खापर गोळीवर फुटलं आणि जेवण बरंचसं वाचलं. गोळीला बळीचा बकरा केलं म्हणा ना! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो पाच रुपयांत घरी करता येतो. त्या दिवशी साधं, थोडं, फारसा वास नसलेलं खावं आणि जी चव आयुष्यातून गेली तरी हळहळ वाटणार नाही अशी एखादी गोळी मध्ये चघळावी. तोंड आलं असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आता मुळात मळमळतं का, ते पाहू. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध शिरेतून गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या एन्टेरोक्रोमाफिन पेशी दुखावतात. सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असतं आणि ते मुख्यतः या पेशींकडे. ते बाहेर सांडतं आणि व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूच्या टोकांवरच्या ५-एचटी३ ग्राहींना, म्हणजे ते टिपणाऱ्या जागांना, चिकटतं. तार खडखडते ती मेंदूच्या बुडाशी, न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियसपाशी. शेजारीच एरिया पोस्ट्रेमा आहे. तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत विरळ असते, त्यामुळे रक्तातलं विष त्याला थेट कळतं. इथून एक हुकूम खाली, उलटीचा. दुसरी बातमी वर, पॅराब्रेकियल केंद्रकातून अमिग्डाला आणि इन्सुला या मेंदूतल्या भागांकडे. चवीची नोंद इन्सुलातच होते, म्हणून थालीपीठ आणि मळमळ यांची गाठ पडते ती या परिसरात. (नावं विसरलात तरी चालेल.) उलटीवरचं ऑनडॅन्सेट्रॉन हे औषध ५-एचटी३ ची वाट अडवतं. दुसऱ्या दिवसापासूनची मळमळ मात्र मुख्यतः सबस्टन्स पी या दुसऱ्या रेणूची असते, त्यासाठी अ‍ॅप्रेपिटंट. या औषधांआधीच्या काळात सिस्प्लॅटिन घेतलेल्या दहांतल्या नऊ जणांहून अधिकांना उलट्या होत.

काहींना तर औषध अंगात जायच्या आधीच उमासे येतात. जिथे केमो देतात त्या डे केअर वॉर्डचं दार, स्पिरिटचा वास, एवढंच पुरतं. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लाल रंगाचं असतं. ते घेतलेल्याला कोकम सरबत पाहूनही पोटात ढवळू शकतं. नातेवाईक म्हणतात, मनाचे खेळ. माझा या शब्दांवर राग आहे. हे गार्सियांच्या उंदरांइतकंच खरंखुरं शिकणं आहे. पहिल्या सायकलला खूप त्रास झालेल्यांना, मुळात धास्ती घेणाऱ्यांना, गाडी लागणाऱ्यांना ते जास्त होतं. आतड्यात अजून सेरोटोनिन सांडलेलंच नसतं, म्हणून इथे ऑनडॅन्सेट्रॉनचा फारसा उपयोग होत नाही. आदल्या रात्री लोराझेपामसारखी चिंता उतरवणारी गोळी डॉक्टर देतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या गॅरी मॉरो यांनी १९८२ साली दुसरा मार्ग दाखवला: स्नायू एकेक करून सैल सोडायला शिकायचं आणि त्या सैल अवस्थेत इस्पितळाचा प्रसंग पायरी-पायरीने मनात आणायचा. त्याने त्रास कमी झाला. तरी बसलेली गाठ सोडवण्यापेक्षा ती बसू न देणं सोपं, आणि ती संधी पहिल्या सायकललाच असते.

नेमकी तेव्हाच माणसं उलट्या लपवतात. "डॉक्टर डोस कमी करतील" ही एक भीती, आणि "उलट्या होताहेत म्हणजे औषध लागू पडतंय" हा दुसरा गैरसमज. आतड्यातल्या सेरोटोनिनला कॅन्सरची गाठ विरघळतेय की नाही याचा पत्ता नसतो. लिंबू केमोपेक्षा दहा हजार पटींनी प्रभावी असल्याचा निरोपही अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोच. लिंबू हुंगून मळमळ जरा बरी वाटत असेल तर खुशाल हुंगावं. गाठीचं त्याने काही होत नाही. केस गळतात आणि बहुतेकदा परत येतात, त्याची चर्चा घरोघरी होते. तापाची होत नाही, आणि ती जास्त गरजेची आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट घसरलेले असताना १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच तासाला इस्पितळ गाठायचं. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहायची नाही.

अलीकडचं चांगलं काम परळच्या टाटा मेमोरियलमधून आलं. ओलान्झापिन हे मूळचं मानसिक आजारांवरचं औषध, मळमळीवर ते फार गुणकारी ठरलं, पण १० मिलिग्रॅमने माणूस दिवसभर पेंगतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अवघ्या २.५ मिलिग्रॅमने उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या. पहिल्या दिवशी तीव्र गुंगी आली ती १० मिलिग्रॅमवाल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना, २.५ वाल्यांपैकी ५ टक्क्यांना. गुंगी नको म्हणून ही गोळी परस्पर बंद करायच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचारावं, कमी डोस चालेल का?