कोतवाल बुक, जनपद सभा आणि 'ड' वर्गाचा गठ्ठा

जातपडताळणीला जुना पुरावा मागितला, की पूर्व विदर्भातला माणूस आधी कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, चौकशी करतो. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जाती-जमातींना 1950 पूर्वीचा कागद हवा. गावात कोणी जन्मलं, कोणी गेलं, की कोतवाल, म्हणजे गावचा सरकारी सेवक, पोलीस ठाण्यात वर्दी द्यायचा. इंग्रज सरकारला हिशेब हवा होता तो पटकी-देवीने किती दगावले याचा. जात हा त्यातला एक रकाना. त्या रकान्यावर पुढे नातवाची नोकरी अडेल, हे नोंद करणाऱ्याच्या ध्यानीमनी नसणार.

कागद कुठे सापडेल हे मात्र गावाच्या इतिहासावर ठरतं. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे सारा मालगुजारामार्फत जायचा. मालगुजारी 1951 मध्ये गेली. त्याआधीच 1948 च्या कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभा, म्हणजे स्थानिक कारभाराच्या संस्था, आल्या. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. दर खेपेला कपाटं नव्या साहेबाच्या ताब्यात गेली. आतल्या कागदांची यादी सोबत गेलीच, असं नाही. जनपद सभेचा शिक्का असलेली शाळेची दाखल-खारीज वही आज पंचायत समितीत विचारावी की शाळेत, यावर अख्खा दिवस जातो.

ठेवायचं काय आणि फेकायचं काय, याचा नियम साधा आहे. 'अ' वर्ग कायम, 'ब' 30 वर्षं, 'क' 10, 'क-1' 5, 'ड' 1 वर्ष. जोडीला सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. त्यातला एक गठ्ठा नाश करण्याच्या कागदांचाच. मग 2005 चे दोन कायदे आले. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने कागद नष्ट करण्याला शिस्त लावली, आणि माहिती अधिकाराच्या कलम 4 ने अभिलेखांची सूची करून ठेवणं बंधनकारक केलं.

माझ्या मते खरी गोची इथेच झाली. उद्या कोणी माहितीचा अर्ज टाकला तर? या धास्तीने नाशाच्या यादीवर सही करायला कोणी धजत नाही. कपाटाच्या वरच्या खणात घरपट्टीच्या पावतीपुस्तकांच्या जुन्या स्थळप्रतींची चळत तशीच राहते. जमिनीलगतच्या खणात ओल येते आणि उधई लागते. तिला 'अ' काय नि 'ड' काय!

2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अभिलेख कक्षांतली जुनी फडकी सुटली. मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. पानं स्कॅन झाली, पण घडीवर फाटलेलं पान स्कॅनमध्येही फाटलेलंच येतं, आणि वहीची घडी कित्येकदा नेमकी जातीच्या रकान्यावरच पडलेली असते.