केशकर्तनालयातील रक्तदाब

अमेरिकेत उच्च रक्तदाबाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये गोऱ्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहे. औषधे जुनी, स्वस्त आणि गुणकारी आहेत. अडते ते रुग्ण आणि दवाखाना यांच्यामधल्या अंतरात. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस हा लैंगिक संसर्गाचा आजार झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना, त्यावरचे पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांवाचून नुसते निरीक्षणाखाली ठेवले होते. त्यानंतर कोणी संशोधकांकडे संशयाने पाहिले, तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी म्हणूनच कृष्णवर्णीय पुरुषांच्या नेहमीच्या केशकर्तनालयाची वाट धरली. डॅलसमधील त्यांच्या आधीच्या चाचणीत केशकर्तनकार गिऱ्हाइकांचा रक्तदाब मोजत आणि तो वाढलेला दिसला की डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरत. फरक पडला, पण बेताचाच.

पुढे लॉस एंजेलिस परिसरातील ५२ केशकर्तनालयांत, ३१९ पुरुषांवर त्यांनी सुधारित प्रयोग केला. जवळपास निम्म्या ठिकाणी पूर्वीसारखाच केशकर्तनकारांचा सल्ला होता. उरलेल्या ठिकाणी मात्र प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः दुकानात येत, रक्तदाब मोजत, गिऱ्हाइकाच्या डॉक्टरशी आधीच झालेल्या करारानुसार औषध सुरू करत किंवा त्याची मात्रा वाढवत, रक्तातील क्षारांवर लक्ष ठेवत आणि डॉक्टरला तसे कळवत. वर्षानुवर्षे ज्याच्या हाती आपण निर्धास्तपणे मान देतो, त्या केशकर्तनकारानेच ‘यांना भेटून घ्या’ म्हटल्यावर नकार देणे अवघड जाते.

२०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत फार्मासिस्टच्या गटात वरचा रक्तदाब सरासरी १५३ वरून १२६ वर उतरला. सल्ल्याच्या गटात तो १५५ वरून १४५ वर आला. १३०/८० च्या खाली पोहोचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६३.६ टक्के, तर दुसऱ्यात ११.७ टक्के होते. एवढी तफावत अशा चाचण्यांत क्वचितच दिसते.

माझ्या मते, याचे सगळे श्रेय विश्वासाला देणे भाबडेपणाचे ठरेल, कारण केशकर्तनकार दोन्ही गटांत होते आणि बोलतही होते. विश्वासाने माणूस खुर्चीत थांबला. रक्तदाब उतरवला तो तिथेच औषध बदलण्याचा अधिकार असलेल्या फार्मासिस्टने. मात्र दुकानोदुकानी फिरणाऱ्या या फार्मासिस्टचा वेळ आणि प्रवास यांचा खर्च संशोधनाच्या निधीतून झाला होता. तो निधी संपल्यावर ही व्यवस्था कोणाच्या पैशावर चालवायची, हे चाचणीच्या आकड्यांतून ठरत नाही.