जास्त उत्पन्न म्हणजे नेमकं किती? आठ लाखांच्या रेषेची पार्श्वभूमी

सोलापुरात महिन्याला पन्नास हजार घरात येत असतील तर लोक म्हणतात बरं चाललंय, तेवढ्याच पगारावर पोरगं हिंजवडीला राहिलं तर भाडं, हप्ता, पेट्रोल यातच पगार संपतो आणि ज्वारी-डाळ गावाकडूनच न्यावी लागते. त्यामुळे सगळीकडे चालेल असा एकच आकडा नसतो हे माहीत आहेच. आरक्षणासाठी वर्षाला आठ लाखांच्या उत्पन्नाची जी सरकारी रेषा आहे, ती कुठून आली आणि तिच्यात काय मोजतात, ते इथं बघू.

जुनं थोडक्यात. १८८६ च्या इन्कम टॅक्स कायद्यात वर्षाला ५०० रुपयांच्या आतल्या कमाईवर कर नव्हता, आणि शेतीचं उत्पन्न तेव्हा जे बाजूला काढलं ते आजही बाजूलाच आहे. १९७३-७४ मध्ये २ लाखांच्या वरच्या कमाईवर सरचार्ज धरून ९७.७५ टक्के कर होता, म्हणजे त्या काळी २ लाख ही श्रीमंतीची हद्द. १९९९ ला राज्यात तीन रंगांची रेशनकार्डं आली: १५ हजारांपर्यंत पिवळं, १ लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. घरात चारचाकी किंवा चार हेक्टर बारमाही बागायत असली तरी पांढरंच. यातला ‘बागायत’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरा वाद, क्रिमीलेयर. नोव्हेंबर १९९२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मागासवर्गातल्या पुढारलेल्यांना आरक्षणातून वगळा, १९९३ ला हद्द ठरली वर्षाला १ लाख उत्पन्नाची. मग २००४ ला अडीच, २००८ ला साडेचार, २०१३ ला सहा, २०१७ ला आठ. दर तीन वर्षांनी किंवा गरज पडली तर आधीच आकडा तपासायचा असं पहिल्या आदेशातच लिहिलं होतं, तरी पहिली वाढ व्हायला अकरा वर्षं गेली आणि २०१७ नंतर आकडा आठवरच अडकलाय.

पण माझ्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे काय मोजतात ते. नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्याला (म्हणजे आपण या पुढारलेल्यांत नाही, हे दाखवणारा दाखला) आई-वडिलांचा सरकारी पगार धरत नाहीत, शेतीचं उत्पन्नही नाही, धरतात ते बाकीचं, तेही सलग तीन वर्षांचं. त्यामुळे दोघंही झेडपीच्या शाळेत शिक्षक, मिळून वर्षाला पंधरा लाख पगार, वर बागायत, तरी दाखला निघू शकतो (वर्ग एकचे अधिकारी असतील तर गोष्ट वेगळी, तिथं हुद्दाच बघतात). आणि सोलापूरच्या पूर्व भागात माग टाकून टॉवेल काढणारा माणूस, ज्याला सुताचा भाव आणि लाइटबिल दोन्हीकडून मार बसतो, त्याचं धंद्यातलं उत्पन्न मात्र पूर्ण धरलं जातं. खाजगी नोकरीतल्या पगाराचं काय यावर तर कोर्टापर्यंत भांडणं गेलीत.

२०१९ ला ईडब्ल्यूएसचं, म्हणजे दुसऱ्या आरक्षणात न बसणाऱ्या आर्थिक दुर्बलांचं, दहा टक्के आरक्षण आलं, त्यालाही तोच आठ लाखांचा आकडा, पण मोजायची रीत पार वेगळी: पगार, शेती, धंदा सगळं एकत्र, सगळ्या कुटुंबाचं, फक्त मागच्या एका वर्षाचं. २०२१ ला सुप्रीम कोर्टानं विचारलं की हे आठ लाख आणले कुठून. सरकारनं समिती नेमली, तिनं ३१ डिसेंबरला अहवाल देऊन आठ लाख कायम ठेवले, घर-प्लॉटच्या अटी काढायला सांगितल्या, पण पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर बाद ही अट ठेवली.

केंद्राच्या ईडब्ल्यूएस दाखल्याची ही अट आपल्या सोलापूर जिल्ह्याला फार लागते. मंगळवेढ्याकडे सहा एकर जिरायत असलेला माणूस, एक रब्बीची ज्वारी, तीही परतीचा पाऊस चांगला झाला तर, तो त्या एकराच्या आकड्यावर बाद. पंढरपूरकडे चार एकर ऊस किंवा सांगोल्याकडे चार एकर डाळिंब, बागेवर तेल्या रोग आला नाही तर कमाई कितीतरी पट, पण जमिनीच्या अटीत तो पास होतो, त्याचं फक्त उत्पन्न बघायचं राहतं, आणि शेतीच्या उत्पन्नाला ना पगारासारखी स्लिप ना रिटर्नची सक्ती.

दुसरीकडे २०२५ च्या बजेटमध्ये इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या कमाईवर कर माफ झाला. लगेच व्हॉट्सॲपवर सुरू, की कराला बारा लाख गरीब आणि आरक्षणाला आठ लाख श्रीमंत कसे. प्रश्न रास्त आहे पण तुलना पूर्ण बरोबर नाही, कर एकेका माणसाचा आणि आठ लाख कुटुंबाचे किंवा आई-वडिलांचे. हेही बघा की २०२२ च्या एका अहवालात २०१९-२० च्या सरकारी आकडेवारीवरून निघालं होतं की महिना २५ हजार पगार मिळवणारा देशातल्या वरच्या दहा टक्के कमावत्यांत बसतो. म्हणजे आठ लाखच मुळात बऱ्याच वरचे आहेत, विडी वळणाऱ्या बाईच्या घराला तर त्या आकड्याशी काही देणंघेणंच नाही.

म्हणून आठचे दहा करा का बारा करा यावर जेवढा जोर लावला जातो त्यातला थोडा तरी त्या पाच एकरांवर लावायला हवा. जिरायत आणि बागायत वेगळं धरायचं हे १९९९ च्या रेशनकार्डाला कळलं होतं, वीस वर्षांनी आलेल्या नियमात ते का नाही, याचं उत्तर अजून कुणी नीट दिलेलं नाही.