निळा पंप: आराम आधी आला, उपचार मागून

केमिस्टच्या काउंटरवर ‘एक निळा पंप द्या’ हे वाक्य रोज ऐकू येतं. चिठ्ठी नसते, डोस विचारला जात नाही, पुष्कळदा औषधाचं नावही घेतलं जात नाही. घेणारा पंप खिशात टाकतो आणि चालू लागतो. हा कधी घ्यायचा, असं त्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘दम लागला की.’ पन्नास वर्षं हेच उत्तर बरोबर धरलं जात होतं. २०१९ मध्ये ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’, म्हणजे दम्याच्या उपचारांचे जागतिक दंडक घालून देणारी ‘जिना’ ही संस्था, यांनी ते बदललं. मोठ्या माणसांचा आणि बारा वर्षांपुढच्या मुलांचा दमा नुसत्या साल्ब्युटामॉलवर, म्हणजे या निळ्या पंपावर, सांभाळू नका, असं त्यांनी सांगितलं. अनेकांना हा घूमजाव वाटला. पण त्याची कारणं जवळजवळ साठ वर्षं साचत आली होती.

दमेकऱ्याला आडवं होता येत नाही, बसलं की जरा बरं वाटतं, ढगाळ हवा, गारठा आणि पूर्वेचा वारा त्याला बाधतो, हे चरकसंहितेने तमकश्वासाच्या वर्णनात नोंदवून ठेवलं आहे. ज्यांच्या घरात दमा आहे त्यांना ते वाचताना, उशांच्या चवडीला टेकून, हात गुडघ्यांवर रोवून पहाटेची वाट पाहणारं आपलं माणूस दिसतं. औषध थेट छातीत ओढून घेण्याची कल्पनाही आपल्याकडे जुनीच. धोतऱ्याचा धूर दम्यावर ओढला जायचा. १८०२ च्या सुमारास मद्रासमधल्या जनरल जेंट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत हा उपाय ब्रिटनला पोचला, आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं तिकडे दम्याच्या सिगारेटी राजरोस विकल्या गेल्या. आज हसू येतं. पण धोतऱ्यात ॲट्रोपीन असतं आणि ते श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू खरोखर सैल करतं. दवाखान्यात नेब्युलायझरमध्ये, म्हणजे औषधाचं धुकं करून देणाऱ्या यंत्रात, साल्ब्युटामॉलच्या जोडीला जे इप्राट्रोपियम घालतात, ते ॲट्रोपीनच्याच घराण्यातलं. (धोतरा जहरी आहे, घरी करून बघायची गोष्ट नव्हे.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲड्रेनलिन हाती आलं आणि दम्याच्या झटक्यात त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मग चिनी वनस्पतीतून निघालेलं इफेड्रिन आलं, थिओफिलिन आलं. आपल्याकडे कित्येक घरांत दमा म्हणजे डेरीफायलीनची गोळी, असंच समीकरण होतं, ते याच थिओफिलिनच्या कुळातलं. या सगळ्यांचा त्रास एकच होता. औषध अंगभर फिरायचं, हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि हवं तिथे पोचायचं त्यातलं थोडंसंच.

पंप जन्मला तो एका मुलीच्या कुरकुरीतून. जॉर्ज मेसन हे अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख होते. त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीला, सुझीला, दमा होता. त्या काळी औषधाचा फवारा घ्यायचा म्हणजे काचेचं नाजूक नळकांडं आणि त्याला जोडलेला रबरी फुगा. फुगा दाबत राहायचं, प्रत्येक वेळी किती औषध आत गेलं याचा काही नेम नाही, आणि शाळेच्या दप्तरात नळकांडं फुटायची भीती वेगळीच. १९५५ मध्ये सुझीने वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा स्प्रे डब्यात मिळतो, मग माझं औषध तसं का मिळत नाही? रायकरमधल्या रसायनतज्ज्ञांनी काम सुरू केलं. दर दाबाला ठरावीक मापच बाहेर सोडणारी झडप त्यांना मिळाली ती अत्तराच्या धंद्यातून. मार्च १९५६ मध्ये ‘मेडिहेलर’ बाजारात आला. एकात ॲड्रेनलिन होतं, दुसऱ्यात त्याच्याच जातीचं आयसोप्रेनालिन. प्रश्न विचारल्यापासून दुकानात पंप यायला वर्षभरच लागलं. औषधनिर्मितीत इतकी घाई क्वचित जमते.

दमेकऱ्याच्या हातात पहिल्यांदाच असं काही आलं होतं, की ते दाबलं की दोन-चार मिनिटांत छाती मोकळी. डॉक्टरला बोलवायला नको, सुई नको. पण नेमक्या याच सोयीने पहिला घात केला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६० नंतर दम्याने होणारे मृत्यू वाढायला लागले, तेही तरुणांमध्ये आणि मुलांमध्ये. १० ते १४ या वयोगटात १९५९ ते १९६६ या काळात हे प्रमाण जवळजवळ आठपट झालं. दमा अचानक इतका वाढला होता, असं दिसत नव्हतं. रोग तोच होता, नवी गोष्ट पंप होती. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्येही तसंच घडलं. पुढे तपासात एक धागा सापडला: ज्या देशांत आयसोप्रेनालिनचा ‘फोर्ट’ म्हणजे पाचपट तीव्र पंप विकला जात होता, तिथेच ही लाट आली होती. अमेरिकेत तो विकला गेला नव्हता, तिथे लाट नव्हती. ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये डॉक्टरांना इशारा गेला, १९६८ मध्ये चिठ्ठीशिवाय विक्री बंद झाली, आणि मृत्यू उतरले.

औषधाने थेट हृदयावर घाव घातला, की पंपाने तात्पुरतं बरं वाटत गेल्यामुळे माणसं दवाखान्यात उशिरा पोचली, यावर वाद झाला. माझ्या मते दुसरं कारण जास्त समजून घेण्यासारखं आहे, कारण ते आजही लागू आहे. पंप नळी उघडतो. आतली सूज, चिकट कफ, लाल झालेलं अस्तर यांना तो हातही लावत नाही. रुग्णाला मात्र नळी उघडणं आणि सूज जाणं यांतला फरक कळायला मार्ग नसतो, कारण छाती तर मोकळी झालेली असते.

डेव्हिड जॅक यांच्या हाताखालच्या इंग्रज संशोधकांनी साल्ब्युटामॉल शोधलं ते याच सुमाराला. ते हृदयाला बरंचसं वगळून श्वासनळीवर काम करतं, पाचेक मिनिटांत गुण येतो आणि तो चार ते सहा तास टिकतो. १९६९ मध्ये ते निळ्या पंपात आलं. सूज कमी करणारं ओढायचं स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, त्याच गटाने १९७२ मध्ये आणलं, ते तपकिरी पंपात. ब्रिटनमध्ये ही रंगांची खूण रूढ झाली. आपल्याकडे ती तितकी पक्की नाही, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नये, पंपावरचं नाव वाचावं.

या दोन पंपांमधलं तीन वर्षांचं अंतर मला महत्त्वाचं वाटतं. आराम देणारं औषध आधी घराघरांत पोचलं, रोग आटोक्यात ठेवणारं मागून आलं, आणि मागून आलेल्याचं नशीब असं की ते घेतल्यावर काहीच जाणवत नाही. ना छाती मोकळी होते, ना हात थरथरतो. गुण दिसायला दिवस-आठवडे लागतात, आणि तो दिसतो तो ‘यंदा पावसाळ्यात झटका आला नाही’ अशा न घडलेल्या गोष्टीतून. मग माणूस कुठल्या पंपावर विश्वास ठेवणार? डॉक्टरांनी दोन दिले, एक संपला की पुन्हा आणला, दुसरा कपाटात मुदत संपेपर्यंत पडून, हे दृश्य दम्याच्या कुठल्याही घरात सापडेल.

न्यूझीलंडला हा धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला. तिथे १९७६ मध्ये फेनोटेरॉल हा जास्त जोरकस पंप आला आणि मृत्यू पुन्हा चढले. वेलिंग्टनच्या संशोधकांनी १९८९ मध्ये त्याच्याकडे बोट दाखवलं. वादावादी खूप झाली, पण तो पंप मागे पडला तसे मृत्यूही खाली आले. त्याच सुमारास आणखी एक निष्कर्ष पुढे आला: असा पंप लागेल तेव्हा न घेता रोज ठरवून घेतला, तर बऱ्याच जणांचा दमा उलट बिघडतो.

आपल्याकडे पंप आला तो सत्तरच्या दशकात, मुंबईच्या सिप्ला या औषधकंपनीमुळे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढली आणि निर्मितीच्या पद्धतीवर ठेवली, म्हणून ही औषधं इथे बनू लागली आणि परवडूही लागली. फवारा सोडणं आणि श्वास घेणं एकाच क्षणी जमवणं अनेकांना कठीण जायचं. त्यांच्यासाठी रोटाहेलर: कॅप्सूल चौकोनी भोकात खोचायची, बूड फिरवायचं, ‘टक्’ झालं की तोंड लावून जोरात ओढायचं. आत रिकामी टोपणं खडखडली की समजायचं, ओढलं. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकणारे आजोबाही डॉक्टरांनी पाहिलेले असतात.

पण यंत्र समजावणं सोपं होतं, मनातलं काढणं कठीण. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’, ‘मुलीच्या लग्नाचं बघायचंय, चारचौघांत पंप नको.’ त्यापेक्षा मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला जाणं बरं वाटायचं. तिथे बत्तिनी कुटुंब पिवळसर लेप मरळ माशाच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात घालून ते रुग्णाला गिळायला देतं, शाकाहारी असेल तर गुळातून. १८४५ मध्ये एका साधूने हे औषध दिलं, असं ते सांगतात. महाराष्ट्रातूनही तिथे माणसं जातात. त्याचा दम्यावर उपयोग होतो, असं कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही. तरी त्या रांगेतल्या माणसाला मी हसणार नाही. एका दिवसात रोग जावा, ही इच्छा निळ्या पंपानेही पुरवल्यासारखी केलीच होती.

ब्रिटनने दम्याच्या १९५ मृत्यूंची एकेक फाइल काढून चौकशी केली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. पंपांची नोंद मिळालेल्या १६५ जणांपैकी ६५ जणांना, म्हणजे ३९ टक्क्यांना, मरणाआधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त आराम देणारे पंप लिहून दिलेले होते. सहा जणांना पन्नासहून जास्त. म्हणजे पंप मिळत नव्हता म्हणून ही माणसं गेली नव्हती. कित्येकांना तो महिन्याला एकाहून जास्त, काहींना तर जवळजवळ दर आठवड्याला नवा लिहून दिला जात होता आणि हे कुणाला खटकलं नव्हतं.

मग एक उपाय पुढे आला, आणि तो माणसाची सवय बदलण्याच्या भानगडीत पडत नाही, म्हणून मला हुशारीचा वाटतो. दम लागला की माणूस पंप दाबणारच. तर त्या दाबाबरोबर थोडं स्टेरॉइडही आत जाऊ द्या. फॉर्मोटेरॉल हे औषध साल्ब्युटामॉलइतकंच चटकन काम सुरू करतं आणि बारा तास टिकतं, त्यामुळे ते ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडबरोबर एकाच पंपात घालून ‘लागेल तसं’ वापरता येतं. २०१८ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सौम्य दम्याच्या रुग्णांना नुसत्या आरामाच्या पंपापेक्षा या जोडपंपावर गंभीर झटके पुष्कळ कमी आले, आणि त्याच जोरावर जिनाने दंडक बदलला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आरामाचा पंप आजही साल्ब्युटामॉलचाच आहे, आणि जोरात झटका आला तर स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, किंवा नेब्युलायझरने तोच देतात. निळा पंप वाईट ठरला नाही, एकटा पुरेसा नाही इतकंच ठरलं.

इथे आपल्याकडे एक घोळ होतो. जोडपंप दोन जातींचे मिळतात. फॉर्मोटेरॉलवाला दम लागल्यावर घेता येतो. साल्मेटेरॉलवाला नाही, कारण तो सावकाश काम करतो. तो सकाळ-संध्याकाळ ठरवूनच घ्यायचा असतो. दोन्ही दिसायला सारखे आणि ‘मोठा पंप’ याच नावाने ओळखले जाणारे. आपला कुठला, आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं.

आणि पंपाचा हिशेब ठेवावा. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. डबी पाण्यात तरंगवून किती उरलंय हे पाहायची जुनी युक्ती चुकीचं उत्तर देते; आकडा दाखवणारा पंप घ्यावा नाहीतर कॅलेंडरवर रेघा माराव्यात. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस तो लागत असेल, तर दमा ताब्यात नाही. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागले तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, बारा लागले तर जिवाचा, हे जिनाचे आकडे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, किंवा घेतलेल्या फवाऱ्यांचा गुण चार तासही टिकत नसेल, तर पंप घेत घेतच दवाखान्याची वाट धरायची, सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही.

काउंटरवरचा तो गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी पुन्हा ‘एक निळा पंप द्या’ म्हणत आला, तर त्याने रोज तेरा फवारे ओढले आहेत. पंप देणाऱ्याने एवढा भागाकार करायला हरकत नाही.