हायब्रीडला ड्रॉप हँडल लावलं म्हणून ती ग्रॅव्हल होत नाही

साताऱ्यात सायकलवाल्यांच्या गप्पांत एक सल्ला हमखास मिळतो. "हायब्रीड आहे ना तुझ्याकडे? मग ड्रॉप हँडल टाक, झाली ग्रॅव्हल. दुसरी सायकल कशाला?" टायर तसाच जाड, डिस्क ब्रेकही तसेच, फक्त हँडल वाकडं, असा हा हिशेब. (ग्रॅव्हल म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची सायकल, आणि ड्रॉप हँडल म्हणजे पुढे जाऊन खाली वळणारं हँडल.) तो चुकीचा आहे. त्यापायी चांगल्या चालणाऱ्या सायकलींची वाट लागताना दिसते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हायब्रीड म्हणजे काय ते सांगत बसत नाही. सरळ हँडल, 700 मापाची चाकं, 35 ते 40 मिलिमीटरचा टायर. पोवई नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तर एखादी दिसेलच. ग्रॅव्हललाही चाकं तीच आणि टायर जवळजवळ तेवढाच. रंग, वजन, बाटल्या अडकवायची भोकं यावर लोक तासन् तास बोलतात, पण त्यानं काही ठरत नाही. हायब्रीडच्या स्वस्त सस्पेन्शन फोर्कबद्दल (पुढचं चाक धरणारा, स्प्रिंगवाला चिमटा) मात्र माझं मत पक्कं आहे: तो नको. दोन किलोच्या वरचं ते ओझं चढावर नुसतं वरखाली होतं आणि खड्ड्यात फारसं कामाला येत नाही. साधा फोर्क आणि 40 चा टायर त्याहून बरा.

खरी गोम फ्रेमच्या लांबीत आहे.

सरळ हँडलवर हात स्टेमच्या, म्हणजे हँडल सायकलीला जोडणाऱ्या तुकड्याच्या, टोकाशी, किंबहुना किंचित मागेच असतात. ड्रॉप हँडलवर माणूस बहुतेक वेळ हुड धरतो, म्हणजे ब्रेक लिव्हरची रबरी मूठ. हँडलची नळी स्टेमपासून सात-आठ सेंटिमीटर पुढे जाऊन वळते आणि हुड त्याच्याही पुढे असतो. म्हणजे हात दहा सेंटिमीटरहून जास्त पुढे गेले. ग्रॅव्हलची फ्रेम हे धरूनच पुढून आखूड आखलेली असते. हायब्रीडची मुद्दाम लांब ठेवतात, कारण तिच्यावर हात मागे राहणार हे ठरलेलं असतं. लांब फ्रेमला पुढे जाणारं हँडल लावलं की दोन्ही लांब्यांची बेरीज होते आणि ती तुमच्या पाठीवर येते.

"मग स्टेम आखूड घ्या," असं म्हणतात. 90 मिलिमीटरचा काढून 50 चा लावला तरी चारच सेंटिमीटर वाचले. उरलेल्यासाठी सीट पुढे सरकवली तर गुडघा पेडलच्या पुढे जातो आणि पायाचं सगळं माप बिघडतं. सीट पायांच्या मापानं लावायची असते. हातांची अडचण सोडवायला तिला हात लावू नये.

परिणाम रस्त्यावर लगेच दिसतो. कोरेगावच्या वाटेवर तासाभरात मान दुखायला लागते, तळवे बधिर होतात, आणि माणूस हुड सोडून हँडलच्या वरच्या आडव्या नळीवर हात आणतो. तिथे ब्रेक नसतो. सपाटीवर एकवेळ चालेल. यवतेश्वरच्या घाटातून खाली येताना, समोरून कासला निघालेल्या गाड्यांची रांग असताना, बोटं ब्रेकवरच हवीत.

सुट्या भागांचं वेगळंच दुखणं. सरळ हँडलला लिव्हर जिथे बसतो ती नळी 22.2 मिलिमीटरची, ड्रॉप हँडलची 23.8 ची. म्हणजे जुने लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायच्या कळा) त्यावर चढतच नाहीत. व्ही-ब्रेक (रिम दोन्हीकडून दाबणारे) असतील तर त्यांना जास्त केबल ओढणारा लिव्हर लागतो. नेहमीचा रोडचा लिव्हर लावला तर तो पार हँडलला टेकतो आणि रबर रिमवर पुरतं दाबलं जात नाही. असे ब्रेक घेऊन सज्जनगडचा उतार उतरणं हा जिवाशी खेळ आहे. केबलवाल्या डिस्क ब्रेकमध्येही रोडचे आणि एमटीबीचे (डोंगरी सायकलीचे) असे दोन प्रकार आहेत. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर पुढचा सगळा संच नवा. शिमानो कंपनीचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) 7-8-9 स्पीडमध्ये जुळून जातो, पण पुढचा रोडच्या शिफ्टरशी नीट जुळत नाही. या सगळ्याची बेरीज करा आणि मग जुन्या ड्रॉप हँडलवाल्या सायकलींच्या किमती बघा.

गिअरबाबत उलटा गैरसमज आहे. महागडी ग्रॅव्हल घाट सोपा करील असं वाटतं. साध्या हायब्रीडला पुढे 48-38-28 दातांची तीन चक्रं आणि मागे 14-34 चं फ्रीव्हील असेल तर सगळ्यात हलका गिअर 28 भागिले 34, म्हणजे 0.82. पुढे 40 चं एकच चक्र आणि मागे 11-42 असलेल्या ग्रॅव्हलचा 0.95. मिनिटाला 60 वेळा पेडल फिरवलं तर पहिली ताशी साधारण साडेसहा किलोमीटरनं चढते, दुसरीला साडेसात राखावे लागतात. ठोसेघरच्या चढावर हा एक किलोमीटर मांड्यांना चांगलाच जाणवतो. गिअर 21 की 11 हे विचारूच नका. पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं ते विचारा.

तर सायकली किती? बहुतेकांना एक, आणि ती हायब्रीडच. तिला मडगार्ड, कॅरिअर आणि 38 चा बरा टायर लावा. साताऱ्याच्या पावसाळ्यात मडगार्ड नसलेली सायकल मला अपुरीच वाटते. दुसरी सायकल हवी ती तासन् तास वाऱ्याला तोंड देत जायचं असेल तेव्हा. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) साडेतेरा तास मिळतात. एवढा वेळ हात बदलत राहायला ड्रॉप हँडलसारखं सुख नाही. त्यासाठी ड्रॉप हँडलसाठीच आखलेली फ्रेम घ्या.

तिसरी, निव्वळ रोड बाइक, घेऊ नका. त्याऐवजी ग्रॅव्हलला चाकांची दुसरी जोडी करा: एकीवर हायवेसाठी 30 चा गुळगुळीत टायर, दुसरीवर उसाच्या मळ्यांतल्या पाणंद रस्त्यांसाठी 40 चा. दोन्ही जोड्यांना एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हब (चाकाच्या मधले तुंबे) घ्या, नाहीतर डिस्कची जागा केसभर हलते आणि दर वेळी डिस्क दाबणारा कॅलिपर नव्यानं लावत बसावं लागतं. कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) दोन्हींवर सारखीच ठेवा.

विकत घेताना फ्रेमचा आकडा, 52 की 54, बघून थांबू नका. तिचा रीच, म्हणजे पुढची लांबी, किती ते विचारा. मग हुडवर हात ठेवून बसा: कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे आणि दोन बोटं सहज ब्रेकवर गेली पाहिजेत. दुकानदार तयार असेल तर यवतेश्वरच्या पहिल्या वळणापर्यंत चढवून, उतरवून आणा.