मुरगळलेला घोटा: प्लास्टरपासून डगमगत्या फळीपर्यंत

उडी मारून खाली येताना पाऊल आत वळते, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारे चिवट पट्टे, म्हणजे लिगामेंट) ताणले जातात किंवा फाटतात आणि थोड्याच वेळात तिथे सूज चढते. असा घोटा बांधून ठेवावा की लवकर चालता करावा, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद व्हर्जिल गिब्नी यांनी १८९५ मध्येच चिकटपट्ट्या टोपलीच्या विणीसारख्या एकमेकींवर बसवून रुग्णाला कुबड्यांविना चालू देण्याची पद्धत मांडली होती. तरीही प्लास्टर घालण्याची रीत पुढे दीर्घकाळ टिकून राहिली.

या इतिहासातले खरे वळण मला १९६५ मधले वाटते. सूज उतरली, दुखणे थांबले, तरी अनेकांचा घोटा पुन्हा पुन्हा 'दगा' का देतो, याचा शोध ब्रिटनमध्ये अस्थिशल्यविशारद मायकेल फ्रीमन आणि त्यांचे सहकारी घेत होते. अस्थिबंधाबरोबर त्यातले मज्जातंतूही दुखावतात, त्यामुळे पाऊल नेमके कसे टेकले आहे याची जाणीव मंदावते, असे त्यांनी मांडले आणि डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले. एकट्या दुखऱ्या पायावर उभे राहून डोळे मिटले की पावलाच्या कडेचे स्नायू कसे धडपडतात, हे पाहिले म्हणजे त्यांचा मुद्दा लगेच पटतो. त्यांची कारणमीमांसा पुढे अपुरी ठरली, व्यायाम मात्र टिकला: १९८५ मध्ये स्वीडनमधल्या फुटबॉलपटूंच्या अभ्यासात, आधी घोटा मुरगळलेल्या खेळाडूंना अशा सरावाने पुन्हा होणारी दुखापत कमी झाल्याचे दिसले.

मैदानावर मात्र अमेरिकी क्रीडावैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केलेले 'राइस' (RICE, इंग्रजी आद्याक्षरांवरून) हे सूत्रच चालत राहिले: विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंच. त्यातल्या विश्रांती व बर्फाविषयीचे आपले मत मर्किन यांनी स्वतःच पुढे बदलले. २०१० मधल्या एका चाचणीत पहिल्याच आठवड्यात सुरू केलेल्या व्यायामाने घोट्याचे काम अधिक चांगले सुधारले. तरी प्लास्टर सरसकट मोडीत काढणे चूक ठरेल, कारण २००९ मधल्या ब्रिटिश चाचणीत, पायावर भारच घेता येत नसलेल्या गंभीर रुग्णांना १० दिवसांच्या प्लास्टरने साध्या नळीपट्टीपेक्षा (पायावर चढवायच्या नळीसारख्या ताणपट्टीपेक्षा) लवकर आराम पडला होता.

मैदानात केव्हा परतावे, यावर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे एकमत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वेदना, घोट्याची ताकद व लवचिकता, तोल आणि खेळातल्या हालचालींबरोबरच खेळाडूला स्वतःच्या घोट्याचा किती भरवसा वाटतो, हेही तपासायला सांगितले आहे.